बेकार ठरण्याची पात्रता

बेरोजगारीचा आकडा जाहीर झाला की वादाचे दोन ठरलेले सूर लागतात. दर उतरला असेल तर सत्ताधारी तो सुधारणेचा दाखला म्हणून मिरवतात आणि विरोधक आकडाच बनावट असल्याचे सांगतात. सत्तांतर झाले की हेच दोन पक्ष जागा बदलून एकमेकांची वाक्ये म्हणू लागतात. कधीकधी तर माणूसही तोच असतो. डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवार असताना अमेरिकेतील खरी बेरोजगारी ४२ टक्क्यांपर्यंत असल्याचे सांगितले होते. मार्च २०१७ मध्ये, ते अध्यक्ष झाल्यावर, त्याच सरकारी कार्यालयाने त्याच पद्धतीने काढलेला दर पाच टक्क्यांहून कमी निघाला, तेव्हा हे आकडे पूर्वी खोटे असतील पण आता अगदी खरे आहेत, अशा आशयाचा खुलासा त्यांच्या प्रवक्त्याने हसत हसत केला. ही नुसती विसंगती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु दोन्ही बाजू एकच चूक करतात, आणि ती ढोंगापेक्षा खोल आहे. बेरोजगारीचा दर म्हणजे काम न करणाऱ्या लोकांचे प्रमाण, असे दोघेही धरून चालतात. तो दर तसा कधीच नव्हता. काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या एकत्रित संख्येत शोधणाऱ्यांचा वाटा किती, एवढ्याच अरुंद प्रश्नाचे ते उत्तर आहे. हे उत्तर बहुधा प्रामाणिक असते. मात्र श्रमबळ सहभागाचा दर (एकूण प्रौढांपैकी काम करणारे आणि शोधणारे मिळून किती) आणि कामाचे स्वरूप शेजारी ठेवल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. आणि म्हणून व्याख्याच बदलून टाका, ही या वादातली सर्वांत लोकप्रिय मागणी मला सर्वांत घातक वाटते.

गोंधळाचा थोडा दोष आपल्या शब्दांकडेही जातो. ‘बेकार’ हा शब्द मुळात ‘कामाविना’ एवढेच सांगतो, पण बोलण्यात तो ‘वाईट’, ‘निरुपयोगी’ या अर्थाने इतका रुळला आहे की बेकार ही एक हलाखीची अवस्था वाटते. संख्याशास्त्राच्या भाषेत मात्र बेकार ठरण्यासाठी पात्रता लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली भरलेल्या श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या तेराव्या परिषदेने १९८२ मध्ये जी व्याख्या ठरवली, तिच्यात तीन कसोट्या आहेत: पाहणीच्या संदर्भकाळात, म्हणजे सहसा मागच्या आठवड्यात, कोणतेही मोबदल्याचे काम केलेले नसावे, काम मिळाल्यास ते हाती घेण्याची तयारी असावी, आणि अलीकडच्या ठरावीक काळात काम मिळवण्यासाठी काहीतरी प्रत्यक्ष खटपट केलेली असावी. तिन्ही कसोट्या पार केल्या तर माणूस बेरोजगार. आठवड्यात एक तासही पगारी किंवा नफ्याचे काम केले असेल तर तो रोजगारात. आणि काम नाही, पण खटपटही नाही, असा माणूस या दोन्हींत बसत नाही. तो श्रमबळाच्या बाहेर जातो. विद्यार्थी, निवृत्त, घर सांभाळणारे, आजारी, आणि नकार ऐकून ऐकून थकलेला, हे सगळे त्या तिसऱ्या खोलीत एकत्र बसलेले असतात. वाद मात्र पहिल्या दोन खोल्यांपुरता चालतो.

या रचनेचा परिणाम साध्या अंकगणितातून दिसतो. शंभर प्रौढांपैकी ६० जण कामावर आहेत, १० जण शोधात आहेत आणि ३० जण बाहेर आहेत असे समजू. श्रमबळ ७० चे, म्हणजे सहभाग ७० टक्के आणि बेरोजगारीचा दर दहा भागिले सत्तर, साधारण १४.३ टक्के. आता शोधणाऱ्या दहांपैकी पाच जणांनी नाद सोडला. कामावरचे अजूनही साठच. एकाही माणसाला नोकरी मिळालेली नाही. तरी श्रमबळ ६५ वर आले आणि दर ७.७ टक्क्यांवर उतरला. उलट, दिवस पालटतील अशी आशा वाटून बाहेरच्या तिसांतले पाच जण शोधायला निघाले, तर मूळचा १४.३ टक्क्यांचा दर वीस टक्क्यांवर जाईल, आणि तोही लोकांना उमेद वाटू लागल्यामुळे. निराशेने दर उतरतो आणि आशेने चढतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने दर महिन्याच्या आकड्यावर आनंद किंवा संताप व्यक्त करणे म्हणजे ताप मोजताना पारा कुठल्या बाजूला वाचायचा हेच न कळण्यासारखे आहे.

मग असली विचित्र व्याख्या कुणी आणि का केली? इथे इतिहासाकडे जावे लागते, कारण आजचा वाद सुमारे दीडशे वर्षे जुना आहे. १८७३ नंतरच्या मंदीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दोन-तीन लाख लोक बेकार असल्याची चर्चा होती. राज्याच्या श्रम-संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख कॅरोल राइट यांना हा आकडा अतिरंजित वाटत होता. त्यांनी १८७८ मध्ये गावोगावच्या करनिर्धारण अधिकाऱ्यांकडून आणि पोलिसांकडून माहिती मागवली आणि तीस हजारांहून कमी आकडा काढला. गोम सूचनेत होती: अठरा वर्षांवरील पुरुषांपैकी ज्यांना खरोखर काम हवे आहे, अशांनाच मोजायचे होते. ‘खरोखर’ कुणाला हवे आहे, हे पोलीस ठरवणार! स्त्रिया आणि अठराच्या आतली कामगार मुले मोजणीतून आधीच वगळलेली. बेकारीच्या पहिल्यावहिल्या सरकारी मोजणीचा हेतू आकडा खाली आणणे हा होता, ही गोष्ट आजच्या संशयी माणसाच्या बाजूने जाते, हे मी मान्य करतो. पण त्याच मोजणीने एक बोचरा प्रश्न मागे ठेवला. माणसाच्या मनातली कामाची इच्छा बाहेरून कशी ओळखायची?

त्याचे बरे उत्तर सापडायला १९३० चे दशक उजाडावे लागले. जानेवारी १९३० मध्ये अध्यक्ष हूवर यांनी रोजगार पुन्हा वाढू लागल्याचे जाहीर केले, तेव्हा न्यूयॉर्क राज्याच्या श्रम-आयुक्त फ्रान्सिस पर्किन्स यांनी स्वतःच्या राज्याचे आकडे पुढे करून ते जाहीरपणे खोडून काढले. महामंदीच्या त्या काळात देशभराचा मासिक बेरोजगारी दर अस्तित्वातच नव्हता. १९३३ साठी आज जो सुमारे २५ टक्क्यांचा आकडा सांगितला जातो तो अभ्यासकांनी नंतर मागे वळून काढलेला अंदाज आहे, आणि सरकारी मदत-कामांवर राबणाऱ्यांना रोजगारात धरायचे की बेकारांत, यावर त्या अंदाजातही मोठा फरक पडतो. तोवरच्या जनगणना माणसाला त्याचा धंदा विचारत. सुतार म्हणजे सुतार, मग गेले वर्षभर त्याने रंधा हातात धरलेला नसला तरी. १९३७ मध्ये सरकारने टपालखात्यामार्फत घरोघर कार्डे वाटली आणि बेकारांनी ती स्वतःहून भरून पाठवावीत असे आवाहन केले. सुमारे ७८ लाख कार्डे आली. त्याच वेळी पडताळणीसाठी टपालाच्या काही निवडक मार्गांवर पोस्टमनांनी घरोघर जाऊन नोंद केली, तेव्हा खरी संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे दिसले. मोजणीच्या इतिहासातला हा फार मोलाचा अपघात होय: सगळ्यांना हाक मारून मिळालेल्या आकड्यापेक्षा थोड्यांच्या दारात जाऊन मिळालेला आकडा अधिक भरवशाचा ठरला. १९४० पासून अमेरिकेत मासिक नमुना पाहणी सुरू झाली आणि तिने धंदाही विचारला नाही, इच्छाही विचारली नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही काय केलेत, असे विचारले. इच्छेच्या जागी कृती आली. शोधण्याची अट माणसाला वगळण्यासाठी नव्हती; ‘खरोखर’ हा शब्द पोलिसाच्या हातून काढून घेण्यासाठी होती.

या भूमिकेवरचा सर्वांत जोरदार आक्षेप एक तासाच्या नियमाचा आहे, आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. आठवड्यात एक तास काम केलेल्याला रोजगारात धरणे ही थट्टा नाही तर काय? एवढ्यात कुणाचे पोट भरते? आक्षेपातली नैतिक बाजू मला पटते. तरीही नियम मला योग्य वाटतो, कारण तो पोट भरते का याचे उत्तर देण्यासाठी केलेलाच नाही. देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबात प्रत्येक तासाचे श्रम येतात, म्हणून रोजगाराच्या हिशेबातही ते यायला हवेत. आणि बेरोजगारी म्हणजे कामाचा संपूर्ण अभाव, ही एक स्वतंत्र, स्पष्ट अवस्था म्हणून वेगळी राखायला हवी. अपुरे काम ही दुसरी अवस्था. तिच्यासाठी अल्परोजगाराचे वेगळे माप आहे. एक तासाऐवजी वीस तासांची रेघ ओढली तर काय होते, हे नायजेरियाने दाखवून दिले. तिथे आठवड्यात वीस तासांहून कमी काम करणाऱ्यालाही बेकार धरत असत, आणि २०२० च्या अखेरच्या तिमाहीत दर ३३.३ टक्के होता. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय व्याख्या स्वीकारल्यावर त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीचा दर ४.१ टक्के निघाला. देशाचे दैन्य रातोरात पळाले, असे कुणीही म्हणणार नाही. लोक अर्थातच संतापले. पण ३३ टक्क्यांच्या त्या जुन्या आकड्यात पूर्ण बेकार आणि रोज दोन-तीन तास काही विकून गुजराण करणारे अशा दोन निराळ्या माणसांची सरमिसळ होती, आणि त्या दोघांना लागणारी धोरणे निराळी आहेत. पहिल्याला नोकरी हवी. दुसऱ्याकडे काम आहे. त्याला त्यातून मिळकत हवी. आणि हेही खरे की आठवड्याला एक-दोनच तास काम करणारे लोक बहुतेक देशांत फार थोडे असतात. हा नियम जेवढा बदनाम आहे तेवढा तो आकडा हलवत नाही.

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. हा न्हावी बेकार की रोजगारात? नुसता भिंतीशी खेळत असेल तर त्याने मोबदल्याचे काम केलेले नाही. परंतु तो स्वतःचा धंदा उघडून बसलेला असेल आणि गिऱ्हाईकच फिरकले नसेल, तर पाहणीत तो कामावर असलेला स्वयंरोजगारी ठरतो. म्हणीने दीर्घकाळ हेरून ठेवलेली ही गोष्ट अर्थशास्त्रात १९३६ मध्ये जोन रॉबिन्सन यांनी ‘छुपी बेरोजगारी’ या नावाने मांडली: नोकरी गेलेला माणूस जिथे बेकारभत्ता नसतो तिथे रिकामा बसत नाही, तो रस्त्याच्या कडेला काहीबाही विकू लागतो, आणि आकड्यांतून नाहीसा होतो. भारतात बेरोजगारीच्या अंदाजांची तपासणी करणाऱ्या दांतवाला समितीने १९७० मध्ये हेच ओळखून एकच दर पुरेसा नाही असे सांगितले, आणि तिच्या शिफारशींवर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत वार्षिक, साप्ताहिक आणि दैनिक अशी तीन मापे आली. १९७३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ राज कृष्ण यांनी माणूस बेकार आहे का हे चार बाजूंनी पाहावे असे मांडले: त्याच्या कामाचा वेळ, त्याचे उत्पन्न, अधिक काम करण्याची तयारी आणि त्या कामाची उत्पादकता. पन्नास वर्षांपूर्वी हे इतके नेमके सांगून झालेले असताना आजचा वाद एका टक्क्याच्या दशांशावर खेळला जावा, याचा मला थोडा राग येतो, हे कबूल करतो.

यातूनच एक विपरीत वाटणारी गोष्ट उलगडते. बेरोजगार राहायला ऐपत लागते. ज्याच्या घरी दुसरे कुणी कमावते आहे, ज्याच्याकडे साठवलेले काही आहे किंवा ज्याला भत्ता मिळतो, तोच मनाजोगे काम मिळेपर्यंत थांबू शकतो. भारताच्या पाहण्यांत निरक्षरांमधील बेरोजगारी एक टक्क्याहूनही कमी दिसते आणि पदवीधरांमधील दहा टक्क्यांहून अधिक. म्हणून शिक्षण घेऊ नका, असा निष्कर्ष कुणी काढेल काय? नायजरसारख्या अत्यंत गरीब देशाचा दर नगण्य आणि २०१३ मधील स्पेनचा २५ टक्क्यांहून अधिक. पण स्पेनमधून नायजरकडे कामासाठी कुणी निघाले नाही. श्रीमंत देशातला कमी दर सुबत्ता सांगू शकतो, गरीब देशातला कमी दर सक्ती सांगू शकतो. दर स्वतः यांतले काय आहे ते बोलत नाही.

दुसरा आक्षेप लबाडीचा. सरकारे आकडे वाकवतात, हे नाकारण्याचा प्रयत्न मी करणार नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात बेकारांचा आकडा भत्त्याच्या नोंदींवरून निघत असे. १९८२ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांऐवजी फक्त भत्ता घेणारे मोजायचे ठरले. १९८३ मध्ये साठीच्या पुढच्या अनेक पुरुषांना हजेरी लावण्याची अटच उरली नाही, आणि ते मोजणीतून गळले. भत्त्याच्या नियमांत आणि मोजणीत असे बदल पुढे होतच राहिले, आणि बहुतेक बदलांनी आकडा एकाच दिशेला, खाली, ढकलला. भारतात २०१७-१८ च्या पहिल्या नियतकालिक श्रमबळ पाहणीचा अहवाल रोखून धरल्याच्या कारणावरून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले आणि अहवाल निवडणूक आटोपल्यावर मे अखेरीस प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये रोजगाराचे नावडते आकडे आल्यावर श्रम-संख्याशास्त्र कार्यालयाच्या प्रमुखांनाच पदावरून हटवले गेले. परंतु या तिन्ही गोष्टी नीट पाहिल्या तर त्या ‘आकडे खोटे असतात’ या सिद्धांताला कितपत टेकू देतात? ब्रिटनचा आकडा वाकला, कारण तो पाहणीतून येत नव्हता; तो भत्त्याच्या कारभाराचे उपफळ होता, आणि तिथला उपाय म्हणून १९९८ मध्ये घरोघरच्या पाहणीवर आधारलेला आंतरराष्ट्रीय व्याख्येचा दर पुढे आणला गेला. भारतात अहवाल रोखला गेला, कारण पाहणीने सरकारला नको असलेले उत्तर दिले होते. आणि आकडे आज्ञेत राहत असते, तर त्या प्रमुखांना हटवण्याची वेळ का यावी?

एप्रिल २०२० चा एक प्रसंग मला या संदर्भात फार बोलका वाटतो. महासाथीत कामे बंद पडलेल्या अमेरिकेत लाखो लोकांना पाहणी करणाऱ्यांनी ‘बेकार’ ऐवजी ‘इतर कारणाने कामावर गैरहजर’ असे नोंदवले. कार्यालयाने १४.७ टक्के हा दर जाहीर केला आणि त्याच निवेदनात सांगितले की नोंदी सूचनांप्रमाणे झाल्या असत्या तर तो जवळपास पाच टक्केबिंदूंनी अधिक निघाला असता. नोंदी मागाहून दुरुस्त मात्र केल्या नाहीत, कारण उत्तरे एकदा नोंदल्यावर कार्यालयाने त्यांना हात लावायचा नाही हा नियम आहे. चूक झाकली नाही आणि चूक सुधारण्याच्या नावाखाली हात साफही केला नाही. याहून अधिक पारदर्शकता आपण कुणाकडून मागणार?

आता माझ्याच उपायावरचा आक्षेप. सहभागाचा दर शेजारी ठेवा म्हणणे सोपे आहे, पण तोही एकटा काहीच सांगत नाही, असे कुणी म्हटले तर ते बरोबरच असेल. मुले अधिक शिकू लागली तर सहभाग घटतो. म्हातारे निश्चिंतपणे निवृत्त होऊ लागले तरी घटतो. आणि घरातली मिळकत आटून सगळ्यांनाच राबावे लागले तर वाढतो. अमेरिकेतील सहभाग २००० च्या सुरुवातीला ६७.३ टक्के होता. मंदीनंतर बेरोजगारीचा दर ऑक्टोबर २००९ मधील १० टक्क्यांवरून २०१५ च्या अखेरीस ५ टक्क्यांवर आला, तेव्हा सहभागही ६२.५ टक्क्यांच्या आसपास घसरलेला होता. टीकाकार म्हणाले, लोक निराश होऊन बाहेर पडले. समर्थक म्हणाले, महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होते आहे. दोघांचेही अंशतः खरे होते, आणि कुणाचे किती खरे हे तपासण्याची सोय त्याच पाहणीत होती: २५ ते ५४ या वयोगटाकडे पाहिले की शिक्षण आणि निवृत्ती ही दोन्ही कारणे बरीचशी गळून पडतात. त्या गटातही घट दिसली, पण एकूण घटीपेक्षा कमी. ज्या ४२ टक्क्यांनी या लेखाची सुरुवात झाली, तिथे पोहोचण्याची एक वाटही हीच: निवृत्त, विद्यार्थी आणि घर सांभाळणारे अशा साऱ्यांना बेकार धरले की असा आकडा सहज निघतो. पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांना नोकरी नाही, ही अर्थव्यवस्थेची शोकांतिका समजायची काय?

सहभागाच्या सीमारेषेचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो स्त्रियांच्या बाबतीत, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत विवाहित स्त्रियांपैकी फारच थोड्या धंद्यात असल्याचे दिसते. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी शेतावर राबणाऱ्या आणि घरात भाडेकरू ठेवून कमावणाऱ्या स्त्रियांचा हिशेब घालून दाखवले की ही रिकामी जागा बरीचशी मोजणाऱ्याच्या नजरेतली होती. ती नजर लवकर गेली नाही. अमेरिकेच्या मासिक पाहणीत १९९४ पर्यंत पहिला प्रश्न समोरची व्यक्ती पाहून बदलत असे: मागच्या आठवड्यात बहुतेक वेळ काम करत होता, की घर सांभाळत होता, की आणखी काही? कुणाला ‘काम’ विचारायचे आणि कुणाला ‘घर’, हे दारात उभा असलेला प्रगणक ठरवी. भारतीय पाहणीत आजही संकेतांक ९२ आणि ९३ आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि त्याच्या जोडीला सरपण, चारा, भाजी गोळा करणे, घरच्यासाठी शिवण-विणकाम करणे इत्यादी. दोन्ही संकेतांक श्रमबळाच्या बाहेर. मैलभर चालून सरपण आणणारी स्त्री आकड्यांच्या लेखी काम करत नाही आणि काम शोधतही नाही. श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या २०१३ च्या एकोणिसाव्या परिषदेने स्वतःच्या घरासाठीच्या अशा उत्पादनाला ‘काम’ हे नाव दिले, मात्र ‘रोजगार’ नव्हे, असे ठरवले. मला ही तडजोड पटते, कारण त्यामुळे राबणारी स्त्री कामकरी म्हणून दिसते आणि तिला मोबदला मिळत नाही हेही दिसते. दोन्ही एका शब्दात कोंबले असते तर दुसरी गोष्ट लपली असती.

ही रेघ किती हलू शकते, हे भारताच्या नियतकालिक श्रमबळ पाहणीच्या अलीकडच्या आकड्यांत दिसते. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबळ सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. त्याच काळात एकूण बेरोजगारीचा दर साधारण ६ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आला. सहभाग वाढत असताना दर उतरणे ही, वरच्या अंकगणितानुसार, उत्तम खूण मानायला हवी: निराश लोक बाहेर गेले म्हणून आकडा घटला, असा आरोप इथे करता येत नाही. टीकाकारांनी हे मोकळेपणाने मान्य करावे. पण सहा वर्षांत एवढी झेप कशाने घेतली, हे विचारणे तेवढेच आवश्यक आहे, आणि उत्तर त्याच अहवालाच्या पुढच्या तक्त्यांत आहे. कामकऱ्यांमधील स्वयंरोजगारींचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला. घरच्या उद्योगात विनावेतन मदत करणाऱ्यांचा वाटा १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेला. आणि कामकरी स्त्रियांपैकी जवळपास दोन तृतीयांश स्वयंरोजगारात मोडतात. ज्या स्त्रीची नोंद पूर्वी ९३ मध्ये होत असावी, तिची आता घरच्या शेतातील मदतनीस म्हणून होत असेल, तर तिच्या दिवसात काही बदलले की तिला विचारलेल्या प्रश्नात? माझा अंदाज असा की या वाढीत अधिक काटेकोर नोंद, ओढगस्त आणि खरीखुरी नवी कामे या तिन्हींचा वाटा आहे. संपूर्ण वाढीला यश किंवा संपूर्ण वाढीला हलाखी म्हणणाऱ्यांनी हे तक्ते उघडलेले नसावेत.

एकाच देशाचे दोन दर ऐकले की कुणीतरी खोटे बोलत आहे, अशी आपली समजूत होते. तीही सोडायला हवी. २०२३-२४ च्या त्याच पाहणीत वर्षभराच्या स्थितीनुसार दर ३.२ टक्के आणि मागच्या आठवड्याच्या स्थितीनुसार ४.९ टक्के आहे, कारण वर्षातून महिनाभर काम केलेला माणूसही पहिल्या मापात कामकरी ठरतो. सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी ही खासगी संस्था फक्त पाहणीच्या सुमाराच्या एका दिवसाची स्थिती विचारते, म्हणून तिचा दर याहूनही चढा असतो. संदर्भकाळ जितका आखूड, तितके काम नसण्याचे क्षण अधिक सापडतात. वार्षिक दराची मासिक दराशी तुलना करून ‘बेरोजगारी वाढली’ किंवा ‘घटली’ म्हणणाऱ्याला काहीही सिद्ध करता येते. शिवाय नमुन्यातली चूक असतेच: सुमारे ६० हजार कुटुंबांच्या अमेरिकी पाहणीतही महिन्याकाठी ०.१ टक्केबिंदूचा बदल हा बदल आहे की निव्वळ योगायोग, हे सांगता येत नाही, आणि तरी त्यावर मथळे छापले जातात.

व्याख्या बदला, असे म्हणणाऱ्यांनी एवढा विचार करावा की व्याख्या बदलली की मागची सारी मालिका तुटते, आणि तुटलेल्या मालिकेवर कुणाही सरकारला हवे ते बोलता येते. नायजेरियाच्या ३३ आणि ४ यांमध्ये तिथल्या कामगाराचे नेमके काय झाले, हे या दोन आकड्यांतून कधीच कळणार नाही. अरुंद पण स्थिर माप आणि त्याभोवती सहभाग, कामाचे तास, कामाचा प्रकार, मिळकत यांची रुंद मापे, ही व्यवस्था आज बहुतेक देशांच्या अहवालांत छापलेली असते. अमेरिकेतील कार्यालय तर दर महिन्याला सहा निरनिराळे दर देते, आणि त्यांतल्या सहाव्यात निराश होऊन थांबलेले व नाइलाजाने अर्धवेळ काम करणारेही येतात. ते लपवलेले नाहीत, वाचलेले नाहीत.

खरा धोका भलतीकडेच वाढतो आहे, आणि तो ना सत्ताधाऱ्यांच्या बोलण्यात येतो, ना विरोधकांच्या. हे सारे आकडे अनोळखी माणसाने दार वाजवल्यावर किंवा फोन केल्यावर लोक खरे उत्तर देतात या एका गोष्टीवर उभे आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाला श्रमबळ पाहणीवर आधारलेले नेहमीचे आकडे प्रसिद्ध करणे थांबवावे लागले. कुणा मंत्र्याने ते दडपले नव्हते. निवडलेल्या कुटुंबांपैकी उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास उरले होते.